जोडबंगल्यावर मजला चढवताना सामाईक भिंतीचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांत काही दशकांपूर्वी बांधलेल्या जोडबंगल्यांवर, म्हणजे मधली एक भिंत सामाईक असलेल्या जुळ्या घरांवर, आता वरचे मजले चढू लागले आहेत. त्यामागची गरज खरी आहे. घरातली माणसे वाढली हे तर आहेच. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या कुटुंबाला, पाणी घरात शिरलेच तर धान्याची पोती, कागदपत्रे आणि वृद्ध आईवडील वर नेता यावेत म्हणून एक मजला असावा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा वाढीव बांधकामाला माझा विरोध नाही. परवानगी देताना काय तपासले जाते आणि काय तपासायचे राहून जाते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार गावठाणासारख्या दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१० आहे. म्हणजे दीड गुंठ्याच्या, सुमारे १५० चौरस मीटरच्या भूखंडावर १६५ चौरस मीटर बांधकाम बसते आणि जुन्या बैठ्या घराच्या मालकाला त्यातला बराच वाव शिल्लक असतो. घरमालक हा हिशेब पहिल्यांदा विचारतात. सामासिक अंतरांचा, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचा, विचार मात्र मागाहून होतो. जोडबंगल्याची एक बाजू शेजाऱ्याला चिकटलेली असल्याने मोकळी जागा पुढे, मागे आणि एकाच बाजूला उरते. त्या एकुलत्या बाजूच्या पट्ट्यात लोखंडी जिना आणि पत्र्याची शेड उभी राहिली की उजेड, वारा आणि ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत पोहोचण्याची वाट या तिन्ही गोष्टी एकदमच जातात. वाढीव बांधकामाची घरपट्टी लागली की ते नियमित झाले, ही आपल्याकडची समजूतही चुकीची आहे. कर आकारणी म्हणजे बांधकामाला मंजुरी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील नोटीस नियमित घरपट्टी भरणाऱ्यालाही येऊ शकते.

परंतु माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहते ती मधली सामाईक भिंत. जुने जोडबंगले बहुतेक विटांच्या भारवाहक भिंतींवर उभे आहेत, त्यांना कॉलम नाहीत आणि त्यांचा पाया एका मजल्याच्या हिशेबाने घातलेला आहे. त्यातच आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत एका मालकाने सामाईक भिंतीला लागून कॉलमसाठी खोल खड्डा घेतला, की शेजारच्या उथळ पायाखालची माती मोकळी होते. आणि नवा स्लॅब थेट जुन्या भिंतीवर टेकवला, तर निम्मा भार न विचारता शेजाऱ्याच्या घरावर येतो. आमच्या शेजारी असेच काम झाले. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या लिंटेलच्या (आडव्या तुळईच्या) कोपऱ्यातून छतापर्यंत एक तिरकी भेग गेली. प्लॅस्टर भरून घेतले, तर पुढच्या पावसाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उघडली. शेजाऱ्यांचा नकाशा मंजूर होता, त्यांनी नियमाबाहेर काहीही केले नव्हते आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या नकाशावर त्यांच्या भूखंडाची हद्द काटेकोरपणे आखलेली होती, पण भिंतीच्या पलीकडे आम्ही राहतो याची नोंद कुठेही नव्हती. आम्हाला कामाची पहिली खबर लागली ती खडीची गाडी दारात उभी राहिल्यावर.

महापालिकेच्या नगररचना विभागाने जोडबंगल्याच्या वाढीव बांधकामासाठी स्वतंत्र कार्यपद्धती ठरवावी, अशी माझी विनंती आहे. अर्जासोबत संरचना अभियंत्याचा जो दाखला घेतला जातो, तो अर्जदाराच्या अर्ध्या भागापुरता न राहता सामाईक भिंत व दोन्ही बाजूंचा पाया प्रत्यक्ष पाहून दिलेला असावा. नवा भार शक्यतो स्वतंत्र कॉलमवर घ्यावा आणि सामाईक भिंतीलगतची खोदाई टप्प्याटप्प्याने करावी, या अटी मंजुरीपत्रातच लिहिल्या जाव्यात. लगतच्या मालकाला लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्याची संमती सक्तीची करावी असे मी म्हणत नाही, कारण तसे झाल्यास जुनी भांडणे परवानगीच्या आड येतील आणि खऱ्या गरजवंताचे घर अडून राहील. त्याला स्वतःच्या अभियंत्याकडून भिंत पाहून घेता यावी आणि काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरांची छायाचित्रे काढून ठेवता यावीत, एवढी संधी पुरेशी आहे. शेजारचा मंजूर नकाशा पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट पाहावी लागू नये; जोडबंगल्याच्या बाबतीत त्याची प्रत सूचनेसोबतच मिळावी. जोते (जमिनीलगतचा पायाचा भाग) तपासायला येणाऱ्या महापालिकेच्या अभियंत्यांनी पलीकडच्या घरातही डोकावून भिंतीची स्थिती नोंदवली, तर त्यांचा फार वेळ जाणार नाही.

गुंठेवारीतील, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून झालेल्या वसाहतींतील, जोडघरांचा यात वेगळा विचार करावा लागेल. तिथे अनेकदा सातबारा सामाईक असतो, मोजणी झालेली नसते आणि भिंतीची नेमकी मध्यरेषा कोणाच्या हद्दीत येते हे दोन्ही मालकांना ठाऊक नसते. अशा ठिकाणी वाढीव मजल्याच्या अर्जाआधी संयुक्त मोजणी करून घेण्याची अट घालावी आणि तिची तारीख लवकर मिळावी यासाठी महापालिकेने भूमी अभिलेख कार्यालयाशी समन्वय साधावा.

आपला,
एक घरमालक, विश्रामबाग, सांगली