पोलो खाली घ्यायचीच असेल तर

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गाडीचे फोटो पाहिले. २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, मूळची पंधरा इंची अलॉय व्हील्स शाबूत, रंगाला कुठे हात लावलेला नाही. फार आनंद झाला. १.२ लिटरचं टर्बो, १०५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांमध्ये माझं मन हिच्यावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. टायर आणि मडगार्डमधली मोकळी जागा तुला खुपते म्हणालास. मलाही खुपते. आपल्या रस्त्यांसाठी ही गाडी युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवली होती, त्याचा हा परिणाम.

पण आखूड स्प्रिंगा (लोअरिंग स्प्रिंग) घालून तू गाडी ४० मिमी खाली घ्यायचं ठरवलंयस, तिथे मी तुला अडवणार. २५ घे, फार तर ३०. लोअरिंग स्प्रिंग निवडताना सगळे विचारतात, गाडी किती खाली जाईल? मला वाटतं, चाकाला वर यायला किती जागा उरेल, हे आधी विचारावं.

हिशेब बघ. समजायला सोपे आकडे घेतो. पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला २ किलोची आहे, म्हणजे एक मिमी दाबायला २ किलो लागतात, असं धर. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच ती १५० मिमी दबलेली असते. मिलिमीटरला अडीच किलोची घातलीस तर १२० च दबेल, म्हणजे तेवढ्याच लांबीची कडक स्प्रिंग गाडी उलट ३० मिमी वर उचलेल. म्हणून लोअरिंग स्प्रिंग कडकही असते आणि मुळात आखूडही. आता उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत (चाकाचा वरचा प्रवास जिथे थांबतो तो रबरी ठोकळा) ६० मिमी जागा होती असं मान. गाडी ३० खाली घेतलीस की ३० उरली. तोच खड्डा निम्म्या जागेत जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी, कारण स्प्रिंगमध्ये जिरणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४० खाली घेतलीस तर नऊपट! इतकी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीत कोणी घालत नाही. मग चाक बंप स्टॉपवर आदळतं आणि ऐन घाटात, वळणात असतानाच पकड सुटते. २५ ला हाच आकडा तिपटीच्या आसपास येतो. तिथे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (दबेल तशी कडक होत जाणारी) आणि किटच्या (स्प्रिंगांच्या संचाच्या) सूचनेप्रमाणे आखूड केलेला बंप स्टॉप मिळून निभावून नेतात.

दुसरं, पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. गाडी फार खाली बसली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (पोलोच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना) रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. म्हणजे वळणात गाडीला कलंडवणारी ओढ कमी होण्याऐवजी वाढते. एवढी खाली बसलेली गाडी दिसते झकास, पण आंबा घाटात मूळ उंचीची पोलो तिच्यापेक्षा विश्वासाने वळेल.

स्पीडब्रेकरचं काय ते सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोचा व्हीलबेस अडीच मीटरही नाही, त्यामुळे तो नियमाप्रमाणे असेल तर अख्खी गाडी त्यावर चढते आणि पोट घासत नाही. पण गावोगावचे अरुंद, उभट ब्रेकर पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येतात. तुझी गाडी मुळात जमिनीपासून सुमारे १६५ मिमी आहे. ४० गेले, मागे काका-काकू, डिकीत सामान, मग काय उरतं ते तूच बघ.

आयबाख या स्प्रिंग कंपनीचं प्रो-किट साधारण याच पट्ट्यात, २५ ते ३० मिमीचं असतं. मागवताना पेट्रोल जीटीचंच बघून घे. डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे त्याच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. किटच्या कागदावर धुऱ्यावरचा (अ‍ॅक्सलवरचा) कमाल भार लिहिलेला असतो, तो जुळवून पाहा. आणि दहा वर्षांच्या शॉकअपवर नव्या स्प्रिंगा चढवू नकोस. कडक स्प्रिंग उसळून परत येते, तिला आवरायचं काम शॉकअपचं, आणि जुन्यात तो दम उरलेला नसतो. बिलस्टाईन कंपनीचे बी८ शॉकअप अशा खाली घेतलेल्या गाडीसाठीच आखूड केलेले असतात. बी६ मूळ उंचीसाठी. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांब, पण दोन्ही एकदम कर. वरचे स्ट्रट माउंट (शॉकअप वर गाडीला जोडणारे रबरी आधार) आणि बेअरिंगही तेव्हाच नवे टाक. मजुरी तीच पडते.

स्प्रिंगचे वेढे कापून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ निघ. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते.

बसवताना एका गोष्टीकडे स्वतः उभा राहून लक्ष दे. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट मेस्त्री गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना पक्के आवळतात. तसं होऊ देऊ नकोस. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक खाली असताना आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं, आणि मग दोष स्प्रिंगांच्या माथी. मेस्त्रींना सांग, बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून चार वेळा दाबून बसू द्या, मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) पक्के करा. अलाइनमेंट लगेच कर आणि स्प्रिंगा बसल्यावर, काही शे किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, तिथे काही फिरवता येत नाही. पुढचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, मात्र नक्की बदलतो. हेडलाइटची पातळीही बघ.

कायद्याचंही लक्षात ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यामुळे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. पैसे गुंतवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घे, आणि मूळ स्प्रिंगा जपून ठेव.

ऑर्डर देण्याआधी एवढं कर. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांना हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घे. जुन्या स्प्रिंगा आधीच बसलेल्या असतात, बरेचदा एका बाजूला जास्त. दहा-बारा मिमी आधीच गेले असतील तर किटचे आकडे तुझ्या गाडीला लागू पडणार नाहीत. मापं पाठव, मग आपण फोनवर बसून किट ठरवू.

काका-काकूंना सा. न., वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद