ऑनर्सचा अर्ज भरण्याआधी मार्गदर्शक कोण, ते विचारा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे सहावे सत्र जवळ आले की विद्यार्थी आणि पालक एकच प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दाराशी येतात : तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे, की चौथ्या वर्षाच्या ऑनर्ससाठी अर्ज करायचा? मी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवते. मुलांना या प्रश्नावर ‘एक वर्ष वाया जाईल’ किंवा ‘ऑनर्समुळे पदवीला वजन येईल’ अशी दोनच उत्तरे ऐकायला मिळतात, आणि दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, म्हणून हे पत्र.

वर्ष वाया जाण्याची भीती ज्यांना पुढे एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. करायचे आहे त्यांच्या बाबतीत निराधार आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर तो एका वर्षाचा आहे, म्हणजे वर्षे दोन्हीकडे पाचच लागतात. उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय पात्रता चौकटीतही (कोणती पदवी कोणत्या पातळीची, हे ठरवणाऱ्या) ऑनर्सचे चौथे वर्ष आणि पदव्युत्तरचे पहिले वर्ष एकाच पातळीवर धरलेले आहे. तेव्हा वर्षे मोजत बसण्यापेक्षा ते चौथे वर्ष कुठे आणि कोणाच्या हाताखाली घालवायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या मुलांसाठी तर हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आजवर हुशार मुलगा बी.एस्सी. झाला की विद्यापीठाच्या विभागात जायचा. दोन वर्षांत मोठे ग्रंथालय, चांगली उपकरणे, राज्यभरातून आलेले सोबती आणि पुढची वाट दाखवू शकणारे शिक्षक त्याला मिळायचे. हाच मुलगा आता चौथे वर्ष आपल्याच महाविद्यालयात करून मग विद्यापीठात गेला, तर तिथे त्याला एकच वर्ष मिळते. पहिले सत्र वसतिगृह आणि माणसे ओळखण्यात जाते, दुसरे परीक्षा आणि नोकरीच्या शोधात. ज्याला बाहेर जाणे शक्य आहे आणि ज्याच्या महाविद्यालयात संशोधनाची सोय बेताचीच आहे, त्याने तीन वर्षांनी बाहेर पडून विद्यापीठातील दोन वर्षे पदरात पाडून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याची दुसरी बाजूही मी रोज पाहते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींना घरचे लोक परगावी पाठवायला तयार नसतात. तिसरे वर्ष संपले की स्थळे पाहायला सुरुवात होते आणि ‘पुढे बघू’ म्हणत शिक्षण तिथेच थांबते. अशा मुलीला त्याच एस.टी.ने, त्याच महाविद्यालयात आणखी एक वर्ष शिकायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. तिच्या हाती अधिक वरची पदवी पडते आणि घरच्यांशी बोलायला तिला एक वर्षही मिळते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तिला अर्ज करायला सांगेन.

ऑनर्समध्येही दोन वाटा आहेत, हे अनेकांना अर्ज भरताना प्रथमच कळते. एक साधा ऑनर्स आणि दुसरा संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या वाटेला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो, तर साध्या ऑनर्समध्ये त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय घेता येतात. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा प्रकल्पाला ३६० तास झाले. दोन सत्रांचे मिळून ३० आठवडे धरले, तर आठवड्याला १२ तास प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रावर उभे राहायचे आहे. ही तयारी नसेल तर ७५ टक्के पडले म्हणून ती वाट धरू नये.

तयारी असेल, तर मात्र या वर्षाला तोड नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रकल्पासाठी आपल्या गावातील विहिरींच्या पाण्याची कठीणता मोजली. प्रयोग बी.एस्सी.च्या मुलांना तोंडपाठ असलेलाच आहे : पाण्यात बफर आणि निर्देशक घालायचे, ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन) सोडायचे आणि लालसर रंग निळा होतो तिथे थांबायचे. पण तिने ऐन पावसाळ्यात, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत त्याच विहिरींचे नमुने आणले. प्रत्येक नमुन्याला सीबीआर, म्हणजे ब्युरेटचे तेच वाचन पुन्हा पुन्हा, येईपर्यंत ती ब्युरेट सोडत नसे. एका विहिरीचे आकडे पुढे-मागे होऊ लागले, तेव्हा ती पुन्हा गावात जाऊन चौकशी करून आली आणि शेजारच्या बोअरचे पाणी त्या विहिरीत सोडले जात असल्याचे तिला कळले. महागडे उपकरण कुठेच लागले नाही. वर्षभराचा वेळ लागला, आणि शंका आली की नमुना परत आणायला सांगणारे कोणीतरी मागे उभे असावे लागले.

हे मागे उभे राहणारे माणूस कुठून आणायचे, या प्रश्नावर सारे अडते. संशोधनासह ऑनर्स चालवायचे, तर विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. राज्यातील महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि किती विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या बळावर चालले आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हे तरुण शिक्षक कामात कुठेच कमी नाहीत. पण ज्याला पुढच्या वर्षी आपली नेमणूक होईल की नाही हे माहीत नाही, त्याने वर्षभराच्या प्रकल्पाची जबाबदारी कशाच्या भरवशावर घ्यावी? कायम असलेल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन असते. त्यावर पाच-सहा प्रकल्प आले की मार्गदर्शन म्हणजे अहवालावर सही एवढेच उरते, आणि मग गेल्या वर्षीच्याच प्रश्नावलीवर गावाचे नाव बदलून अहवाल बाइंडिंगला जातात. असे अहवाल आमच्या ग्रंथालयाच्या कपाटातही आहेत.

पुढच्या वाटांबाबतही गैरसमज आहेत. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी.विषयक नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र धरले जाते आणि २०२४ पासून त्याला नेट परीक्षाही देता येते. मात्र ती पात्रता संशोधनवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेशापुरती आहे, सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी लागतेच. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने एम.ए. किंवा एम.एस्सी. टाळण्याचा विचार करू नये. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना किंवा बी.एड.कडे वळणाऱ्यांना तीन वर्षांची पदवी पुरते, त्यांनी केवळ नावापुढे ऑनर्स लागावे म्हणून चौथे वर्ष करू नये. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र पदव्युत्तर प्रवेशासाठी चार वर्षांची पदवी मागतात, त्यामुळे तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याला या वर्षाचा सरळ फायदा आहे.

माझी विनंती महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना आहे. सहाव्या सत्राची परीक्षा सुरू होण्याआधी प्रत्येक विभागाने सूचना फलकावर मार्गदर्शकांची नावे, प्रत्येकाकडे किती विद्यार्थी घेतले जातील, प्रकल्पांची क्षेत्रे, उपलब्ध उपकरणे आणि चौथ्या वर्षाची पूर्ण फी लावावी. फीची सवलत आणि शिष्यवृत्ती या वर्षालाही मिळणार का, हेही त्यात लेखी असावे, कारण आमच्याकडील अनेक पालकांचा निर्णय त्या एका ओळीवर ठरतो. ज्या विभागाला मार्गदर्शक देता येत नाही त्याने तसे मोकळेपणाने सांगावे आणि शेजारच्या महाविद्यालयाशी बोलून विद्यार्थ्याची तिथे सोय लावावी. ही माहिती मिळाल्याशिवाय विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही ऑनर्सच्या अर्जावर सही करू नये.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. सातारा