लव्हर्स कार्ड आलं म्हणजे लग्न ठरलं असं नसतं हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं टॅरो भविष्य, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून सांगितलेलं, आमच्याकडे आई मोठ्यांदा वाचते, चहा उकळेपर्यंत बाराही राशी होतात. मागच्या रविवारी बहिणीच्या राशीला लव्हर्स कार्ड आलं आणि खाली एकच ओळ, विवाहयोग आहे, होकार द्यायला उशीर नको. झालं! घरात सध्या दोन स्थळं, एक पुण्याचं, 36 पैकी 28 गुण जुळलेलं, आणि दुसरा तिच्याच ऑफिसातला, ज्याची पत्रिका कुणी मागितलेलीच नाही. आईने पेपर पुढे सरकवला, म्हणाली बघ, कार्डपण तेच सांगतंय. तेच म्हणजे काय ते बोलली नाही पण पुण्याची पत्रिका तेव्हा टेबलावरच होती.

मी पैसे घेऊन टॅरो बघत नाही, हौस म्हणून पत्ते पिसते, तरी राहवलं नाही म्हणून लिहितेय. लव्हर्स हा टॅरोतला सहा नंबरचा पत्ता. फ्रान्सच्या जुन्या मार्सेय संचात त्यावर जोडपं नाहीच मुळी, तिघं आहेत, मधे एक तरुण, दोन्हीकडे दोन बायका, दोघींचे हात त्याच्या अंगावर आणि वर बाण ताणून बसलेला मदन. त्यातली एक आई नि दुसरी नवरी असंही काही जण सांगतात (हे चित्र फ्रेम करून आमच्या हॉलमधे लावायला हवं). म्हणजे मुद्दा निवडायचा आहे, कुणाचं ऐकायचं आणि त्याची किंमत कोण भरणार.

आता सगळीकडे दिसतं ते चित्र 1909 चं, लंडनमधे टॅरोवर लिहिणाऱ्या आर्थर वेटने चित्रकार पामेला कोलमन स्मिथकडून काढून घेतलेलं. त्यात अॅडम ईव्हकडे बघतोय, ईव्ह वर देवदूताकडे, आणि तिच्या मागच्या झाडाला साप. कुठे आलाय त्यात मांडव! पंधरा नंबरचा डेव्हिल काढून शेजारी ठेवा, तशीच जोडी, पण गळ्यात साखळ्या, आणि नीट बघितलं तर त्या ढिल्या आहेत, काढता येतील एवढ्या. लोक काय म्हणतील म्हणून दिलेला होकार मला तरी त्या पत्त्यात दिसतो.

आणि मुळात हा पंधराव्या शतकातला इटलीचा पत्त्यांचा खेळ हो, आपल्या मेंढीकोटसारखा, ही चित्रांची पानं त्यात हुकमाची. त्यांच्यावरून भविष्य सांगायचं फॅड अठराव्या शतकात फ्रान्समधे वाढलं. तुमच्या सदरात मात्र पत्ताच हुकूम सोडतो, होकार द्या म्हणून!

सदर बंद करा असं नाही म्हणत, आईचा रविवार सुना जाईल. फक्त कार्डाचं चित्र छापा आणि पुढे दोन ओळी जास्त लिहा, समोर कुठले रस्ते आहेत ते वाचणारीला विचारू दे स्वतःला. बहीण अजून काहीच बोललेली नाहीये. आणि प्लीज, येत्या रविवारी तिच्या राशीला तो कंदील घेऊन एकटा उभा असलेला हर्मिट काढू नका, आई रडायला लागेल.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली