पावसाळ्यात आयसिंग वाळवायला शिकवणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आषाढातल्या त्या शुक्रवारी तुम्ही विरजणाची रिकामी वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिलात, त्याला आता पाच महिने होत आले. मी तोंडाने तुमचे आभार मानले तेव्हा तुम्ही "अगं, मी काय केलं त्यात" म्हणून विषय बदललात. त्यामुळे तेव्हा जे सांगायचे राहून गेले ते आज लिहून काढते आहे. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे ठेवण्याचे कारणही सांगते. ठाणे, डोंबिवली, वसई, रत्नागिरी आणि पणजीपर्यंत घरातून कुकीज करून विकणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत आणि श्रावण आला की त्या सगळ्यांची रॉयल आयसिंग, म्हणजे कुकीजवर ओतायचा पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा थर, न वाळण्याची रड एकच असते. तुम्ही मला जे शिकवलेत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्या दिवशी माझी अवस्था काय होती, ते तुम्ही पाहिलेच होते. रविवारी सकाळी एका बारशासाठी साठ कुकीज द्यायच्या होत्या. पाळणा आणि हत्ती असे दोन आकार, पांढरी आणि फिकट निळी जमीन, त्यावर गडद किरमिजी रंगाची नक्षी. जादा सहा धरून मी सहासष्ट भाजल्या आणि गुरुवारी रात्री त्यांवर आयसिंग ओतून, पंखा लावून झोपले. एरवी जानेवारीत असे केले की सकाळपर्यंत आयसिंग काचेसारखे कडक होते. शुक्रवारी दुपारी चार वाजता मात्र बोट टेकवले तर ते आत रुतत होते, वरची चकाकी गेली होती, बारीक जागा भरताना आयसिंग आत बसून खळगे पडले होते आणि नऊ कुकीजवर किरमिजी रंग पांढऱ्यात झिरपून गुलाबी ओघळ उमटले होते.

घाबरून मी जे उपाय केले त्यांनी नुकसान वाढवले. बारा कुकीज ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, ठेवल्या. त्याचे सर्वांत कमी तापमानसुद्धा लोणी ज्या ३२ ते ३५ अंशांना वितळते त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे बिस्किटातले लोणी आयसिंगमध्ये चढले आणि पांढऱ्या हत्तींवर पिवळट तेलकट डाग पडले. दहा कुकीज फ्रिजमध्ये ठेवल्या. त्या बाहेर काढताच थंड पृष्ठभागावर दव धरले आणि जे थोडेफार वाळले होते तेही पाण्याने विरघळले. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा मी या बावीस कुकीज कचऱ्याच्या पिशवीत टाकत होते.

तुम्ही कुकीजकडे पाहिलेच नाहीत, हे मला आजही लख्ख आठवते. तुम्ही आधी खोलीकडे पाहिलेत. हॉलमध्ये दोन दोऱ्यांवर घरभराचे कपडे वाळत होते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, खिडकी उघडी होती आणि बाहेर पावसाची झड लागलेली होती. "पंखा लावलास खरा, पण तो कपड्यांतलं पाणी उचलून या परातीवर आणून टाकतोय. साखरेला प्यायला एवढं पाणी दिल्यावर ती वाळेल कशी?" एवढेच तुम्ही म्हणालात, आणि कुकीजना हात न लावता आधी कपड्यांच्या दोऱ्या सोडायला लागलात.

मग तुम्ही माझे मिठाचे भांडे उघडून मीठ चिमटीत घेतलेत. ते ओलसर होऊन चिकटत होते. मीठ पाणी सोडू लागले की साखरेचे काम उघड्यावर करायचे नाही, ही तुमची परीक्षा ऐकून मी मान डोलावली खरी, पण तिच्यामागे किती पक्के शास्त्र आहे ते मला नंतर वाचताना कळले. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते आणि साखरेच्या बाबतीत हीच मर्यादा सुमारे ८५ टक्के आहे. आयसिंग म्हणजे तरी काय, तर बारीक पिठीसाखरेचे कण आणि त्यांच्यामध्ये अंड्याच्या पांढऱ्यासह साखरेने पूर्ण भरलेले पाणी. हवा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या पाण्याला बाहेर जायला वावच राहत नाही. उलट हवेतलेच पाणी आत येते. म्हणजे मी रात्रभर ज्याला वाळवणे समजत होते ते वाळवणे नव्हतेच. आपल्याकडे जुलैत हवा कितीतरी दिवस या मर्यादेच्या आसपास किंवा वर असते, ही गोष्ट थंड, कोरड्या देशांत लिहिलेल्या पाककृतींमध्ये कुठून येणार? तिथे "रात्रभर ठेवा" एवढे सांगून भागते.

त्यानंतरच्या तासाभरात तुम्ही जी व्यवस्था लावून दिलीत, तीच मी आजवर तशीच पाळते. झोपण्याच्या खोलीतून कपडे, पाण्याचा तांब्या आणि ओली पायपुसणी बाहेर गेली. खिडक्या बंद झाल्या आणि दाराच्या फटीशी कोरडी चादर लागली. एसी ड्राय मोडवर सुरू झाला आणि टेबलफॅन सर्वांत कमी वेगावर, ट्रेच्या बाजूने, हवा कुकीजवरून आडवी सरकेल असा ठेवला गेला. वरून थेट वारा मारला तर ओल्या आयसिंगवर लहरी उठतात आणि धूळही बसते, हे तुम्ही संक्रांतीच्या हलव्याच्या परातीवरून सांगितलेत. पंख्याचे काम पृष्ठभागाशी साचलेली दमट हवा हलवण्याचे, आणि खोलीतले पाणी काढून टाकण्याचे काम एसीचे. नुसता पंखा लावून खिडकी उघडी ठेवली तर पावसाळ्यात तो ओलावाच फिरवत बसतो. एसीच्या गार जाळीवर हवेतले पाणी साचून नळीवाटे बाहेर जाते, हे मला माहीत होते. पण तुम्ही गॅलरीत त्या नळीखाली बादली ठेवायला लावलीत आणि शनिवारी सकाळी ती अर्धी भरलेली पाहिली, तेव्हा आदल्या रात्री माझ्या कुकीजभोवती किती पाणी होते ते डोळ्यांना दिसले.

पुढच्याच आठवड्यात मी एक लहानसा आर्द्रतामापक विकत आणला. हॉलमध्ये आकडा ८८ होता आणि बंद खोलीत एसी दोन तास चालल्यावर ५४. आता तो ६० च्या खाली आल्याशिवाय मी आयसिंगची पिशवी कापत नाही. मिठाचे भांडे मात्र अजूनही आधी उघडून पाहते.

तुम्ही दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र खोलीची नव्हे, धीराची होती, आणि ती हलव्यातून आली. इतकी वर्षे संक्रांतीच्या आधी तुमच्या घरी हलव्याचे दागिने होताना मी पाहत आले, बाळाच्या बोरन्हाणासाठी तुमच्याकडून मुकुट आणि बाजूबंदही नेले, पण तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर तो काटा येतो कसा, हे कधी विचारले नव्हते. त्या रात्री तुम्ही सांगितलेत की मंद आचेवरच्या परातीत चमचाभरच पाक घालायचा, बोटांनी हलवत राहायचे आणि तो पाक पूर्ण वाळून पांढरा पडल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नाही. घाई करून ओल्यावर ओला थर चढवला की काटा मोडतो आणि गोळे होतात. हे काम पौषातल्या कोरड्या थंडीतच का जमते, हेही तेव्हाच उमगले. ज्या हवेत साखर स्वतःहून पाणी सोडते, त्याच हवेत ती आकार धरते.

मी नेमका हाच नियम मोडला होता. पांढरी जमीन जेमतेम साय धरते न धरते तोच मी तिच्यावर किरमिजी नक्षी काढली होती, त्यामुळे खालचे पाणी वरच्या रंगात आणि वरचा रंग खालच्या पाण्यात मिसळणे अटळ होते. तुमच्या सांगण्यावरून आम्ही नासलेल्या नऊ कुकीजवरचे आयसिंग खरवडून काढले, पांढरा थर नव्याने दिला आणि तो बारा तास वाळू दिल्यावरच शनिवारी दुपारी नक्षीला हात लावला. एक कुकी तुम्ही नमुना म्हणून मोडून पाहिलीत. वरचा पापुद्रा कडक होता, पण आतली कड अजून ओली चमकत होती. मी ती वरवर टणक लागते म्हणून समाधान मानले असते. आता प्रत्येक घाण्यात, सगळ्यांत जाड थर असलेली एक कुकी मी मोडण्यासाठीच राखून ठेवते, आणि तिची कड आतपर्यंत एकसारखी कोरडी दिसली तरच बाकीच्यांना डब्यात जाऊ देते.

पहिली साय लवकर धरणे किती महत्त्वाचे आहे, हेही मला तेव्हाच समजले. कोरड्या, हलत्या हवेत पृष्ठभाग पंधरा-वीस मिनिटांत आवळला तर चकाकी टिकते, आयसिंग खळग्यात बसायला वेळ मिळत नाही आणि खालचे लोणी वर चढायच्या आत थर घट्ट होतो. ओल्या हवेत तीच साय धरायला तासन्‌तास लागतात आणि सगळे दोष त्या वेळेत शिरतात. त्यामुळे मी पहिल्या अर्ध्या तासात कुकीज पंख्यापुढून हलवत नाही, मग फोन वाजो की बेल.

माझ्या कृतीतला एक दोष तुम्ही मला प्रश्न विचारून दाखवलात, आणि तशी शिकवण विसरता येत नाही. "पावसाळ्यात गुळाची वडी आधी पाघळते की साखरेची?" असे तुम्ही विचारलेत. गुळाची, हे कोणीही सांगेल. मग तुम्ही माझ्या ओट्यावरच्या ग्लुकोज सिरपच्या बाटलीकडे बोट दाखवलेत. चकाकीसाठी मी त्याचे दोन चमचे घातले होते. गुळात जी साखर फुटून वेगळी झालेली असते ती साध्या साखरेपेक्षा कमी आर्द्रतेतही पाणी धरून ठेवते आणि ग्लुकोज सिरपचा स्वभावही तसाच. शिवाय किरमिजी रंग गडद यावा म्हणून मी जेल रंग भरमसाट ओतला होता, आणि अशा रंगांत बहुधा ग्लिसरीन असते, ते तर पाण्याला सोडतच नाही. आता पावसाळ्यात मी सिरप वगळते, आणि गडद रंग आदल्या दिवशीच थोडा कालवून ठेवते, कारण तो मुरल्यावर आपोआप गडद होतो आणि कमी जेल पुरते. पाणीही मोजूनच घालते. सुरीने रेघ ओढली तर ती दहा ते पंधरा सेकंदांत मिटावी इतपत पातळ, त्याहून सैल नाही. अंडे न चालणाऱ्या घरांसाठी मी काबुली चणे शिजवलेले पाणी आटवून, घोटून आयसिंग करते, आणि वाळवण्याचे हे सगळे नियम त्यालाही जसेच्या तसे लागू पडतात.

त्या शुक्रवारी रात्री नव्याने वीस कुकीज भाजताना तुम्ही साडेअकरापर्यंत माझ्याबरोबर उभ्या होतात. भाजण्याची वाफ खोलीत शिरू नये म्हणून स्वयंपाकघराचे दार तुम्ही स्वतः धरून बसलात. तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत होते, तरी मी तुम्हाला घरी जा म्हणाले नाही. त्याबद्दल आज क्षमा मागते. रविवारी सकाळी साठ कुकीज एकमेकींत बटरपेपर घालून डब्यांत भरल्या, एकीचाही रंग दुसरीला लागला नाही आणि बारशाच्या घरी पाळण्याशेजारच्या ताटात त्या दुपारपर्यंत कडक राहिल्या. त्यानंतर राखीपौर्णिमेच्या आणि गणपतीच्या सगळ्या ऑर्डरी मी त्याच खोलीत, त्याच पद्धतीने पूर्ण केल्या. आर्द्रतेपायी एकही कुकी टाकून द्यावी लागली नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते मी पुन्हा देऊ करत नाही. पण यंदा पौषात तुम्ही परात काढाल तेव्हा पाक हलवायला मला बोलवा, ही विनंती आहे. तुमची बोटे आता फार वेळ चालत नाहीत असे तुमच्या सुनेकडून कळले. चमचाभर पाक, तो वाळेपर्यंत थांबणे आणि मग पुढचा चमचा, एवढे मला आता जमेल. तुमची पितळी चाळण आणि दाराशी लावलेली ती चादर धुऊन, वाळवून या पत्राबरोबर पाठवते आहे. विरजणाची वाटीही आहे, या खेपेला भरून.

तुमची,
शेजारची

ता. क. आर्द्रतामापक आणखी एक आणला आहे, तो तुमच्यासाठी. तुम्हाला मिठाचे भांडे पुरते हे मला ठाऊक आहे, पण हलव्याच्या दिवसांत तुमच्या खोलीतला आकडा किती असतो ते मला लिहून ठेवायचे आहे.