डावा हात

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

डिजिटल मीडियाच्या कोर्सला नाव घातलंस, फार बरं वाटलं. पण "ती ऑनलाइन डायरी कशाला लिहायची, तेवढ्या वेळात एडिटिंग शिकेन," असं म्हणालास, ते मनातून जात नाही. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी या कोर्सला होतो तेव्हा पहिले तीन आठवडे मीही ही रोजच्या शिकण्याची डायरी उरकतच होतो. गुगल डॉक्समध्ये तारीख टाकायची आणि खाली "आज लायटिंग झालं. छान वाटलं." एक दिवस सरांनी बाजूला कॉमेंट लिहिली : "हे मी शिकवलेलं झालं. तुम्ही काय शिकलात?" उत्तर लिहायला बसलो आणि काही सुचेना. बराच वेळ तसाच बसून होतो.

मग दोन मिनिटांच्या फिल्मचं काम आलं. मी कसब्यातली तांबट आळी निवडली. तिथले एक काका तांब्याच्या हंड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देऊन नक्षी, करत होते. फोन ट्रायपॉडवर लावून तीन तास शूट केलं. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर चित्रावर काळसर पट्टे सरकतायत आणि हातोडीच्या एकूण एक ठोक्याचा आवाज फाटलेला! जेवण गेलं नाही. त्या रात्री डायरीत पहिल्यांदा पानभर लिहिलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुकानातली चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. माझं शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ, होतं १/६० सेकंदावर, त्याचा या तालाशी मेळ बसत नव्हता. १/५० ठेवलं की एका फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे जातात. आवाजाचंही तसंच. रेकॉर्डिंगचा मीटर शून्य डेसिबलला टेकला की वरचा आवाज कापलाच जातो, मागाहून कमी करून तो परत येत नाही. म्हणून आधीच उणे १२ च्या आसपास ठेवायचा. हे सगळं वर्गात सांगितलेलं होतं रे, पण माझं झालं ते त्या रात्री. दीड महिन्याने भाचीच्या साखरपुड्याला हॉलमध्ये तेच पट्टे दिसले. डायरी उघडून "पट्टे" शोधलं, शटर बदललं आणि पुढचं सगळं शूटिंग स्वच्छ आलं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. शूटिंग चालू असताना काकांनी विचारलं होतं, "हे कुठं दिसणार?" मी "कॉलेजात," म्हणून मोकळा झालो होतो. रात्री लिहिताना तो प्रश्न आपोआप डायरीत आला आणि टोचायला लागला. त्यांचं दुकान, त्यांचे हात, आणि त्यांना साधं विचारलंही नव्हतं. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो, आधी रीतसर परवानगी घेतली आणि बिघडलेली फिल्मच त्यांना दाखवली. ते शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, "तू नुसती हातोडी धरलीयस. हातोडी कुणीही मारेल. डावा हात बघ."

बघितलं. डावा हात हंडा फिरवत होता, प्रत्येक ठोक्यागणिक जेमतेम बोटभर. म्हणून तर ठोक्यांच्या ओळी अशा एकसारख्या पडतात! तीन तासांच्या शूटिंगमध्ये तो हात मी एकदाही पूर्ण घेतला नव्हता.

मित्रा, ही नोंद नसती तर मी परत गेलोच नसतो. पट्टे दुरुस्त केले असते, फिल्म दिली असती, मार्क मिळाले असते.

वर्गात फाळक्यांबद्दल शिकवलं तेव्हाही हेच मनात आलं. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल दिवसागणिक टिपला होता. एकेका दिवशी बघावं तर काहीच घडत नाही, सगळं एकापाठोपाठ लावलं की वेल वाढताना दिसतो. मी परवा माझी डायरी पहिल्या तारखेपासून वाचली, तेव्हा मला तसं दिसलं.

तेव्हा लिही. रात्री झोपण्यापूर्वीच लिही, सकाळपर्यंत चूक बोथट होते. काय बिघडलं, तू कुठलं सेटिंग ठेवलं होतंस, समोरचा माणूस काय म्हणाला, एवढं आलं तरी पुष्कळ. भाषेची काळजी करू नकोस, आपण बोलतो तसंच लिही.

तुझा वर्ग सोमवारी सुरू होतोय ना? पहिली नोंद मला पाठव, दोनच ओळी असल्या तरी चालतील. मी येत्या रविवारी पुन्हा आळीत जातोय, यावेळी कॅमेरा काकांच्या डाव्या बाजूला लावणार आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र