तक्रार कराची नव्हे, मूल्यांकनाची

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीवरचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) रविवार पुरवणीतला लेख वाचला. १६८३ पासूनचा इतिहास, एडिसन-इसेलिनची भारतीय वस्ती, मतपत्रिकेवर आलेली गुजराती, हे सारे छान आले आहे. मात्र ‘घरपट्टी काउंटी ठरवते’ हे विधान तिकडे घर घेणाऱ्यांना गोत्यात आणेल.

काउंटीत २५ नगरपालिका आहेत. घराचे मूल्यांकन करतो तो नगरपालिकेचा असेसर, आणि बिलही नगरपालिकाच पाठवते. त्यात शाळा, नगरपालिका व काउंटी असे तिघांचे वाटे असतात. मोठा घास बहुधा शाळांचा. घरमालकाचा काउंटीशी थेट संबंध येतो तो मूल्यांकनाविरुद्धच्या अपिलापुरता. साधारणपणे १ एप्रिलपर्यंत काउंटीच्या करमंडळाकडे अर्ज करावा लागतो. ‘कर फार आहे’ ही तक्रार तेथे ऐकलीच जात नाही. मूल्यांकन बाजारभावाशी जुळत नाही, हे दाखवावे लागते. बाजारभाव धरायचा तो आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरचा. त्यासाठी आसपासच्या, आपल्यासारख्याच तीन ते पाच घरांचे विक्रीव्यवहार जोडावेत, आणि ते सुनावणीच्या किमान सात दिवस आधी मंडळाला व असेसरला द्यावेत. ‘शेजाऱ्याचे मूल्यांकन कमी आहे’ हा आपल्याकडचा लाडका मुद्दा तेथे पुरावा ठरत नाही. अपील केले म्हणून कराचा हप्ता थांबवला, तर तेवढ्यावरूनच अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

– एक वाचक, पुणे