आईच्या जागेवर बसून पाहणाऱ्या टायरवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका, दुकानाचंही लिहू नका, असं तुम्ही बजावलंत. नाही लिहीत. कराडात हायवेला लागून एक टायरचं दुकान आहे, एवढ्यावर भागवतो.

काल पुण्याहून येताना आई गाडीत झोपली. खंबाटकी ओलांडल्यावर तिची मान एका बाजूला कलली ती कललीच. जाग आली तेव्हा विचारते, "सातारा आलं का रे?" म्हटलं, "आई, कराड आलं." वाचणाऱ्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण तुम्ही तिला त्या गाडीतून उतरताना बघितलंय. एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर आणि ओठ घट्ट मिटलेले.

तिच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे. दर महिन्याला सांगली-पुणे वारी. पेठ-सांगली रस्त्याचे तेव्हाचे हाल सांगलीकरांना सांगायला नकोत, आणि पुढे सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून डायव्हर्जनच डायव्हर्जन. तिला त्रास नको म्हणूनच तर २०२३ मध्ये ही जुनी जर्मन गाडी घेतली. क्रीम रंगाच्या लेदरच्या सीटा, मागे वेगळा एसी, सगळा थाट. आणि तिसऱ्या फेरीला आई म्हणाली, "आपली वॅगनारच बरी होती रे." पैसे गेल्याचं दुःख वेगळं, पण हे वाक्य फार लागलं.

मग सुरू झाली आमची दारोदार फिरती. सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, जर्मन सस्पेन्शन आहे, कडकच असतं. सवय होईल." बहात्तराव्या वर्षी, सरकलेल्या गादीला सवय होईल! दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलून टाकले. फरक पडला तो फक्त माझ्या खात्यात. तिसरीकडे, काचेच्या दारांचं, कॉफीचं मशीन असलेलं टायरचं शोरूम. तिथं तर सल्ला मिळाला की १९ इंची चाकं टाका, लूक येईल. आई मागच्या सीटवर कमरेला उशी लावून बसली होती आणि तो मला लूक सांगत होता. गाडीत मागे बसतं कोण, हे या तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. टायरला गेज लावून हवासुद्धा कुणी मोजली नाही.

तुमच्याकडे आलो तो ठरवून नाही. आईला चहा हवा होता, शेजारी टपरी होती, म्हणून थांबलो. तुम्ही चाकांकडे बघितलंत, मग आईकडे, आणि विचारलंत, "आईंना त्रास होतोय का?"

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. तुम्ही नळावर जाऊन साबणानं हात धुतलेत, कोपरापर्यंत. आतून स्वच्छ टॉवेल आणून सीटवर अंथरलात. चपला बाहेर काढून ठेवल्यात. आईला विचारलंत, "उशी कुठं लावता, इथं की जरा खाली?" आणि तिच्या जागेवर, तिची उशी पाठीला लावून, मागे बसलात. मला म्हणालात, "आता आईंना नेता तसं चालवा. माझ्यासाठी हळू नको." आई टपरीच्या बाकड्यावर चहा घेत बसली आणि आपण सर्व्हिस रोडनं दोन किलोमीटर जाऊन आलो. मी आरशात बघत होतो. तुम्ही डोळे मिटले होते. परत आल्यावर म्हणालात, "मोठा खड्डा एवढा नाही हो टोचत. गाडी हेलकावतही नाही, म्हणजे शॉकअपचं काही नव्हतं. बारीक खरबरीत जे आहे, डांबराचे जोड, ठिगळं, ते सगळं कमरेत येतंय. हे टायरचं दुखणं आहे."

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी आईच्या जागेवर बसून बघितलं होतं. खरं सांगतो, मीसुद्धा कधी बसलो नव्हतो. चालवणारा मी, ऐटीत पुढे.

बाकीचं मग पटापट झालं. गेज लावलंत तर मागे हवा ४२. दार उघडून खांबावरचं, किती हवा हवी ते सांगणारं स्टिकर दाखवलंत, त्यापेक्षा कितीतरी जास्त. टायरवरचे चार आकडे वाचायला लावलेत, २२१७. म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा, सात वर्षांचं रबर. आणि टायर रन-फ्लॅट. ते काय असतं हे मला विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता यावं, म्हणून त्याची भिंत, म्हणजे टायरची बाजू, आतून जाड रबरानं भरलेली असते. "जी भिंत हवेविना गाडी पेलते, ती हवा भरल्यावर काय वाकणार?" तुमचं हे वाक्य मी तेव्हापासून चार जणांना ऐकवलंय.

बिलबुकाच्या मागं पेन्सिलीनं केलेलं गणितही मी जपून ठेवलंय. २४५/४५ आर १८ काढायचे, २२५/५५ आर १७ घालायचे. (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिम किती इंची.) चाकाची एकूण उंची एक-दोन मिलिमीटरच बदलते, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण भिंत ११० वरून १२४ मिलिमीटर होते, आणि तेवढी जास्त हवा आईच्या आणि रस्त्याच्या मध्ये येते. याच गाडीचे १७ चे अलॉय तुमच्याकडे पडून होते, कुणीतरी लूकसाठी काढून गेलेले. (त्या लूकवाल्याचेही आभार मानायला हवेत म्हणा!)

टायर कुठल्या कंपनीचे घातले ते लिहीत नाही. लिहिलं की मूळ विषय राहील बाजूला आणि कंपन्यांवरून भांडणं लागतील. पण एक सांगायलाच हवं. त्याच मापाचे चार टायर तुमच्या रॅकवर होते. १०१ चे, एक्सएल. (१०१ हा टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा.) मी खिशात हात घातला होता. तुम्ही म्हणालात, "हे नको. ज्यादा वजनासाठी आहेत, भिंत कडक असते. तुम्हाला ९७ पुरतो, एका टायरला ७३० किलो. मागवतो, चार दिवस लागतील." दुकानातला माल बाजूला सारून गिऱ्हाईकाला थांबायला लावणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला. तोटेही आधीच सांगितलेत. आता पंक्चर झालं की थांबावं लागणार, गाडीत स्टेपनी नाही, म्हणून डिकीत पंक्चरचं किट आणि पंप ठेवा, वळणावर गाडी आधीइतकी चिकटून जाणार नाही. नसतं सांगितलं तरी मला काय कळणार होतं?

आमच्याकडे म्हणतात, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. तुम्ही दोन किलोमीटर का होईना, गेलात. अशी माणसं मला बँकेत भेटलीत, एसटीत भेटलीत, एकदा तर तहसील कचेरीतही भेटलीत, आणि दर वेळी ती काउंटरच्या अलीकडे आलेली होती. नुसतं सर, मॅडम करत बसत नाहीत ती. हात धुतात आणि शेजारी येऊन बसतात.

टायर बसवून झाल्यावर तुम्ही पुन्हा हात धुऊन मागे बसलात, तोच टॉवेल, तीच उशी, तीच फेरी. उतरलात आणि मला काहीच बोलला नाहीत. आईला म्हणालात, "आता बसा, बघू."

काल तुमच्या दुकानासमोर गाडी थांबवली होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते, शटर बंद. आईनं भडंगाचा डबा आणला होता तुमच्यासाठी, तो तसाच सांगलीला परत आलाय. चाकं पुढची मागं, मागची पुढं करून घ्यायला पुढच्या महिन्यात येतोच आहे, तेव्हा देतो. ताजं करून देणार म्हणते. फक्त विचारायला सांगितलंय, तिखट चालतं ना?